किती जाड म्हणजे जाड

नंदा, आज कारखाना उघडला. तू गेल्यापासून कुलूपच होतं. लग्नसराई चालू आहे, ऊन असं की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटून राहिलंय, आणि अशात नांदेडमधल्या बर्फाच्या कारखान्याला कुलूप. लोक थोडे दिवस गप्प बसले, मग फोन करायला लागले. सरबतवाले, मासेवाले, मांडववाले. आधी "लई वाईट झालं" म्हणायचं, जरा थांबायचं आणि मग "लाद्या कधी मिळतील?" विचारायचं. मला राग आला नाही. बर्फ कुणासाठी थांबत नसतो, हे तुला मीच कितीदा ऐकवलेलं आहे.

सकाळी लाकडाच्या भुशाची गाडी आली. पोती उतरवून घेतली, एका पोत्यावर टेकलो आणि मग उठवेचना. कामगारांना वाटलं, साहेबांना ऊन लागलं. एकानं लिंबू सरबत आणून दिलं, ते मी गपगुमान प्यालो. त्याला काय सांगणार, की या भुशावरून माझं बायकोशी भांडण चालू होतं, लग्नाच्याही आधीपासूनचं, आणि ते मिटायच्या आत ती निघून गेली.

रडायचं ते मी माझं रडून घेईन. तुला विचारायचं आहे ते वेगळंच. तात्या माझ्याशी बोलत नाहीत. बाप गेल्यापासून ज्या चुलत्याला मी बापाच्या जागी मानलं, तो माणूस माझा फोन उचलत नाही. कारण मी तुला अग्नी दिला नाही, माती दिली. आमच्या घरात हे कधी झालेलं नाही. मी केलं ते तुझ्या मनासारखं झालं का, एवढंच मला पाहिजे. आणि ते सांगू शकेल असं एकच माणूस होतं, त्यालाच मी मुखेडच्या शेतात ठेवून आलो.

तू पहिल्यांदा कारखान्यात आलीस तो दिवस आठव. कॉलेजची पोरं-पोरी रिक्षात कोंबून आणली होतीस. मी माझी चांगल्यातली चांगली लादी काढून दाखवली, मागं पेपर धरला आणि म्हणलं, "बघा मॅडम, पलीकडचं वाचता येतं." तू म्हणालीस, "मला पलीकडचं काही वाचायचं नाही. मला चुरा पाहिजे. पांढरा. दोन पराती भरून." मी मनात म्हणलं, गेली ही बाई कामातून. साऱ्या नांदेडला आरपार बर्फ पाहिजे, आणि हिला पांढरा चुरा.

अंगणात उन्हात दोन पराती मांडल्यास. पर्समधून एक डबी काढलीस. तिच्यात काजळी होती, चिमणीवर बशी धरून जमवलेली. त्यातली चिमूटभर एका परातीवर भुरभुरलीस. बास, एवढंच. पोरं परातीत साचणारं पाणी मापून राहिली आणि तू उन्हात उभी, डोक्यावर पदर नाही, टोपी नाही. काजळीची परात भराभर खचायला लागली तसा तुझा चेहरा असा खुलला, जशी काय लॉटरी लागली. मला राहवेना. मी म्हणलं, "मॅडम, वरून कचरा टाकला म्हणजे बर्फ वितळत नसतो, उलटा टिकत असतो. आमचा धंदाच त्यावर आहे." आणि भुशात पुरलेली कालची लादी उकरून काढली. जशीच्या तशी होती.

दुसरी एखादी मास्तरीण असती तर पोरांपुढं मला गप्प केलं असतं. तू लादीकडं बघितलंस, माझ्याकडं बघितलंस आणि म्हणालीस, "तिसरी परात आणा." तिच्यात चुरा भरून वर भुसा थापला. दुपारपर्यंत काजळीच्या परातीत नुसतं काळं पाणी, साध्या परातीत थोडासा चुरा, आणि भुशाखाली निम्म्याहून जास्त शाबूत.

"म्हणजे मी बरोबर," मी म्हणलं.

"दोघंही बरोबर," तू म्हणालीस. "पातळ थर ऊन धरतो आणि खाली पोचवतो. जाड थर ते वरच अडवून ठेवतो."

"किती जाड म्हणजे जाड?"

तू पहिल्यांदा जरा अडखळलीस. म्हणालीस, हिमनदीवर दगडगोट्यांचा थर बसतो, त्याचं लोकांनी मोजलेलं आहे; तुमच्या भुशाचं कुणी मोजलेलं नाही. मग हसलीस. "मोजून सांगते," म्हणालीस. ते मोजायला म्हणून परत आलीस, परत परत येत राहिलीस, आणि मोजणं तेवढं राहिलंच. पुढं आपल्यात काहीही भांडण झालं, मिठावरून नाहीतर गाडीच्या चावीवरून, की शेवटाला मी म्हणायचो, "ते सोड, किती जाड ते सांग." तू म्हणायचीस, "सांगते हो बर्फवाले, घाई काय आहे?" मलाही वाटायचं, घाई काय आहे.

आपल्या लग्नाची बैठक तर मी मरेपर्यंत विसरणार नाही. तुमचं मुरुडचं भुसार दुकानवाल्यांचं घर, गळ्यात लिंग, कपाळाला विभूती. आमचं मुखेडचं शेतकऱ्याचं घर. तुझा बाप आणि माझा बाप, दोघंही हूं की चूं करत नव्हते. शिवराज, तुझा मोठा भाऊ, भिंतीकडं बघत बसलेला. चहा आला, गार झाला, कुणी हात लावेना. आणि तात्यांनी, बाकी काही सुचलं नाही म्हणून की काय, सगळ्यांच्या मनातलं विचारून टाकलं. "तुमच्यात माती देतात, आमच्यात अग्नी. उद्या ही पोरगी गेली तर हिचं काय करायचं?"

तू आतल्या दारात उभी होतीस. तिथूनच म्हणालीस, "तात्या, आधी जगू तर द्या." आधी तात्या हसले, मग सगळेच हसले, चहा परत करायला लावला आणि लग्न ठरलं. प्रश्न तसाच राहिला. आपण दोघांनी नंतर तो कधी काढला नाही. कशाला काढायचा, तू माझ्याहून लहान होतीस. मला वाटलं होतं, माझंच तुला करावं लागेल.

मग हिमातली काजळी मोजायला तुझं ते उत्तरेच्या टोकाला जाणं सुरू झालं. आधी एकदा, मग दर थोड्या वर्षांनी. मी बर्फ म्हणलं की चिडायचीस. "बर्फ तुमच्या कारखान्यात. आभाळातून पडतं ते हिम." मी म्हणायचो, आमच्या मुखेडात आभाळातून पाणी पडलं तरी मिळवलं. पण तू सांगायला लागलीस की मी ऐकत बसायचो, हे कबूल करतो. ताजं हिम आलेलं ऊन जवळजवळ सगळं परत पाठवतं. त्यात काजळीचा कण पडला की तो ऊन धरून ठेवतो, भोवतालचं तापतं, हिमाचे बारीक दाणे जाड होतात, आणि जाड दाण्यांचं हिम आणखी ऊन खातं. वरचं वितळून वाहून जातं पण काजळी बरीचशी तिथंच बसून राहते. "चहा गाळल्यावर चोथा राहतो तशी," तू म्हणायचीस. म्हणजे जितकं वितळेल तितकं काळं, आणि जितकं काळं तितकं वितळेल. खालची जमीन लवकर उघडी पडली की ती आणखी तापते. वाळवंटातली धूळही हेच करते, पण काजळीचा जोर तिच्यापेक्षा फार मोठा.

एकदा तू मला तुझा गाळणीचा कागद दाखवलास. रुपयाच्या नाण्याएवढा. भांडंभर हिम वितळवून त्यातून गाळलेलं, आणि त्यावर नुसती करडी छटा. मी चष्मा पुसून बघितलं आणि बोलून गेलो, "एवढ्यानं काय होतंय?" तू त्या दिवशी जेवली नाहीस. ताट सारून म्हणालीस, "एवढ्यानंच होतं. एवढ्यानं काय होतंय म्हणतच सगळं होतं." मी म्हणलं, बाई, चुकलं, जेव. तरी नाही. तुझा राग लई वाईट होता नंदा. आता कुणी ताट सारत नाही, तर घास उतरत नाही.

आणि अव्वाची विभूती. पहिल्यांदा निघालीस तेव्हा तुझ्या आईनं, अव्वानं, विभूतीचा एक गोळा पदराखालून काढून दिला. "रोज लाव. कपाळ रिकामं ठेवू नगंस, परक्या मुलखात चालली हायस." तू तो डोक्याला लावला, प्लास्टिकमध्ये गुंडाळला, वरून तुझ्या सामानाची ती चिवट पांढरी टेप मारली, आणि तिथं असेपर्यंत एकदाही उघडला नाहीस. मला म्हणालीस, "मी तिथं पावडरसुद्धा लावत नाही. कपाळावरची चिमूटभर राख माझ्या हिम भरायच्या डब्यात पडली तर मग मी मोजलं काय, जगाची धूळ की अव्वाची विभूती?" परत आल्यावर अव्वानं विचारलं, "लावलीस नव्हं?" तू म्हणालीस, "अव्वा, तुझी विभूती मी जिवापाड जपली." मी हसू दाबायला मोरीत गेलो. पुढच्या दर खेपेला तोच गोळा जायचा आणि तसाच यायचा.

त्याच अव्वानं एकदा चुलीपुढं बसून तुला विचारलं होतं, "माझ्या चुलीची काजळी तिथवर जाते व्हय गं?" मला वाटलं, तू म्हणशील, छे. म्हातारीचं मन राखायला मी तेच म्हणलो असतो. तू भाकरी उलथलीस आणि म्हणालीस, "आपल्याकडची बरीचशी हिमालयावर बसते, अव्वा. तिथवर फार थोडी. पण काहीच जात नाही असं मला म्हणता यायचं न्हाई." अव्वा म्हणाली, "मग मी काय उपाशी बसू?" तू म्हणालीस, "तू खुशाल जेव. मोठ्या धुराड्यांचं आणि जहाजांचं मी बघून घेते." दोघी हसलात. पण तू खोटं बोलली नाहीस. मला तेव्हा तुझा थोडा रागच आला होता. आता वाटतं, तशीच असायला पाहिजे होतीस, दुसरी कशी असणार होतीस.

आता ज्यासाठी हे सगळं सांगून राहिलो त्यावर येतो. तू या गोष्टीवर दोनदा बोललीस, आणि दोन्ही वेळा नेमकं काय म्हणालीस ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.

पहिली वेळ आमचे अण्णा गेले तेव्हाची. माझ्या बापाला अग्नी देऊन आम्ही मुखेडच्या घरी आलो. सगळ्यांना आंघोळीला पाणी पाहिजे, म्हणून तू मागल्या अंगणात बंब पेटवून बसली होतीस. लाकूड ओलं होतं. माझ्या सदऱ्यावर स्मशानातल्या काळ्या पापड्या बसल्या होत्या, तू त्या बोटानं उचलल्यास तर बोट काळं झालं, तेच कपाळाला लागलं. बंबाच्या धुरानं तू खोकत होतीस, डोळे लाल. आणि म्हणालीस, "एवढा धूर मला नको बाई."

मी बापाला जाळून आलेला, डोकं बधिर. मी म्हणलं, "मग गॅसवर ठेव पाणी." तू माझ्याकडं बघितलंस, बघतच राहिलीस, आणि मग हसायला लागलीस. सुतकाच्या घरात तोंडाला पदर लावून हसत होतीस. मला वाटलं, मी बावळट बोललो म्हणून हसतेस. ते बंबाचं होतं का चितेचं, हे मी विचारलं नाही. विचारायचं असतं हेच कळलं नाही.

दुसरी वेळ आत्ताची, मुरुडची. रक्ताचा आजार निघाला, डॉक्टर लातूरचे, म्हणून तू अव्वाकडं राहिलीस आणि मी नांदेड-मुरुड करत राहिलो. तू पांढरी पडत चाललीस. आरशात बघून म्हणालीस, "बघा बर्फवाले, आता मी पण ऊन परत पाठवते." मला हसता आलं नाही. शिवराज शेजारी बसलेला. तो म्हणाला, "नंदे, आता हितंच ऱ्हा. आपलं समदं हितंच करू." त्याला औषधपाणी म्हणायचं होतं का पुढचं, देव जाणे. तू डोळे मिटूनच म्हणालीस, "मी मुखेडची हाय, दादा. मुखेडात होतं तेच माझं होऊ दे." शिवराज उठून बाहेर गेला. मी तुझे पाय चेपत होतो, चेपत राहिलो. मुखेडात होतं ते म्हणजे काय गं? घर? शेत? का अण्णांचं झालं ते?

लातूरच्या दवाखान्यात तू गेलीस तेव्हा भर दुपार होती. बाहेर झाडाचं पान हलत नव्हतं. गाडी ठरवली, आणि अशा उन्हात न्यायचं म्हणजे बर्फ लागणार. माझा जन्म गेला मयताला बर्फ देण्यात. कुणाचं घर रडत असतं आणि मी लाद्या उतरवून देत असतो. त्या दिवशी दुसऱ्याच्या कारखान्यातून लाद्या आल्या. दुधाळ, मधे फेस अडकलेला. हवा नीट फिरवलेली नव्हती पाण्यात. एवढ्या दुःखात मला त्याचाच संताप आला, की माझ्या बायकोला असला बर्फ. मग आठवलं, तुला पांढराच लागायचा. तेव्हा जो काय बांध फुटला, शिवराजनं मला धरून ठेवलं म्हणून, नाहीतर तिथंच बसलो असतो.

तुझ्या बोलण्याचा अर्थ कसाही लावला तरी एक गोष्ट ठरलेली होती, न्यायचं मुखेडला. तुझा शब्द होता तो. गाडीत मी तुझ्याजवळ, मागच्या मोटारीत शिवराज आणि अव्वा. अहमदपूरला स्टँडजवळ गाडी पाण्यासाठी थांबली. शिवराज उतरून आला. मला वाटलं, आता हा भांडणार. त्यानं माझा हात हातात घेतला.

"दाजी, मी भांडाय आलो न्हाई. तुमची बायको हाय, तुमी सांगाल तसं. अव्वा तेवढी इचारून राहिली, माती देणार का म्हणून. आमचे स्वामी हितं अहमदपुरातच हायत. तुमी हाव म्हणलात तर संगं येतील. न्हाई म्हणलात तर आमी गुमान मागं येतो."

तेवढ्यात फोन वाजला. तात्या. "कुठवर आलाव रं? लाकूड रचून ठेवलंय. दिस मावळायच्या आत उरकू."

दोन्हीकडं थांबा म्हणलं आणि गाडीच्या मागं गेलो. दारातून बर्फाचं पाणी थेंब थेंब रस्त्यावर पडत होतं आणि पडल्या पडल्या वाळत होतं. मला तुला विचारून करायची सवय, तेच नडलं. मी उघड विचारलंसुद्धा, "नंदा, काय करू?" शेजारी केळीची गाडी होती, तो माणूस माझ्याकडं बघायला लागला.

मी अव्वासाठी केलं नाही, खरं सांगतो. तुमच्या रीतीसाठी केलं नाही, आमच्या रीतीच्या रागानंही नाही. मला एकच दिसलं. तुझा धूर मुखेडच्या आभाळात चढतोय, आणि कुठंतरी कधीतरी पांढऱ्यावर खाली बसतोय. तू जन्मभर जे गाळून काढलंस, त्यात तुझीच भर. रुपयाएवढ्या कागदावर तुझीच करडी छटा. ते मला बघवेना. आणि मला तुझा आवाजही ऐकू येत होता, "अहो बर्फवाले, एका माणसाच्या धुराचं काय घेऊन बसलात, शास्त्रात बसत नाही ते." नसेल बसत. एवढ्यानं काय होतंय असं मी एकदा म्हणलो होतो, तेव्हा तू जेवली नव्हतीस.

तात्यांना म्हणलं, "तात्या, सरण ऱ्हाऊ द्या. माझ्या वाटणीच्या तुकड्यात, बांधाजवळ, खड्डा घ्यायला सांगा."

तात्या म्हणाले, "येडा झालास का? आपल्यात तान्ही लेकरं पुरतेत. बाईमाणसाला कुणी पुरलंय आजवर?"

"तात्या, बैठकीत तुम्हीच इचारलं होतं हिचं काय करायचं. त्याचं उत्तर द्यायचं राहिलं होतं."

त्यांनी फोन ठेवला. पण खड्डा त्यांनी घ्यायला लावला, हे मला नंतर गड्यांकडून कळलं. आम्ही स्वामींना घेऊन पोचलो तेव्हा तात्या विहिरीजवळ पाठमोरे उभे होते. शेवटपर्यंत जवळ आले नाहीत, मूठभर माती टाकली नाही. आणि ते सरण अजून तसंच रचलेलं आहे म्हणतात, कुणाला एक लाकूड उचलू देत नाहीत. त्यांचा राग मला समजतो. तू त्यांची लाडकी होतीस. त्यांना त्यांच्या हातानं तुझं नीट करायचं होतं.

स्वामींनी सांगितलं तसं केलं. तुला मांडी घालून बसवलं, तुमच्यात बसवतात तसं. अव्वानं तुझं लहानपणचं लिंग आणलं होतं, ते तळहातावर ठेवलं. विभूतीची वेळ आली तशी तिनं पिशवीतून तो गोळा काढला. तुझी बॅग आवरताना तिला सापडला होता. तीच टेप, तसंच प्लास्टिक, कुठं नखभर उघडलेलं नाही. हिमाच्या डब्यात कणभर राख चालत नाही, हे तू तिला मागं कधीतरी सांगितलेलं होतं; तिला सगळं कळलं असणार. माझ्याकडं एकदा बघितलं आणि मी मान खाली घातली. टेप इतकी चिवट की तुटेना, शेवटी एका गड्यानं विळ्यानं कापली. अव्वानं तुझं कपाळ, दंड, हात पांढरे केले. हळू आवाजात बोलत होती, जशी काय शाळेत धाडायच्या आधी वेणी घालते. "आता लाव माय. आता कुठं तुझ्या डब्यात पडतंय."

मला तुझी लई आठवण येते नंदा. घरात, गाडीत, चहा करताना. कारखान्यात सगळ्यात जास्त येते. मला तुझं शास्त्र कधी पुरतं कळलं नाही, पण तू सांगत होतीस तोवर मला वाटायचं, आपण पण त्यात आहोत, नांदेडचा एक बर्फवाला जगाच्या टोकाशी जोडलेला आहे. हे तुला तोंडावर कधी सांगितलं नाही. चेष्टाच केली. तुला कळत होतं ना?

माती टाकायची वेळ आली. स्वामी म्हणाले, तीन तीन मुठी टाका. शिवराजनं टाकली, अव्वानं टाकली, मी टाकली. मग गडी फावडी घेऊन पुढं झाले. एकाच्या हातातलं फावडं मी घेतलं. आमची काळी माती, उन्हानं तापलेली, ऊन धरून ठेवणारी. मी टाकत गेलो. खड्डा भरला, वर उंचवटा झाला, तरी टाकत गेलो. सदरा अंगाला चिकटला, हाताला फोड आले. माणसं एकमेकांकडं बघायला लागली. शिवराज जवळ आला, दांडा धरला आणि म्हणाला, "दाजी, लई झाली माती. पुरं करा आता."

मी त्याला विचारलं, "किती जाड म्हणजे जाड?"

त्याला काय कळणार. त्यानं दांडा सोडला. तू मोजून सांगते म्हणाली होतीस, सांगितलं नाहीस. पातळ पडली तर ऊन खाली तुझ्यापर्यंत पोचेल, म्हणून मी टाकतच राहिलो.